सलामीच्या फलंदाजाची चिकाटी आणि विदर्भाचे क्रिकेट : वसीम जाफर यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास (१९९६-२०२०)

सहायक प्राध्यापक, इतिहास विभाग, रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा

सारांश

वसीम जाफर हे भारताकडून ३१ कसोटी सामने खेळलेले सलामीचे फलंदाज. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द संपली, परंतु त्यानंतर बारा वर्षे ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत राहिले. या काळाचा उत्तरार्ध त्यांनी विदर्भाच्या संघात व्यतीत केला. खेळाडूच्या कारकिर्दीचे मोजमाप केवळ आंतरराष्ट्रीय सामन्यांवरून करणे इतिहासाच्या दृष्टीने अपुरे आहे, हा विचार प्रस्तुत शोधनिबंधात जाफर यांच्या उदाहरणाच्या आधारे मांडला आहे.

बीजशब्द : सलामीचा फलंदाज, रणजी करंडक, विदर्भ, चिकाटी, प्रादेशिक इतिहास.

प्रस्तावना

मराठीतील क्रिकेटविषयक लेखन विपुल आहे. तथापि त्यातील बहुतांश लेखन कसोटीवीरांच्या पराक्रमाभोवती आणि भौगोलिकदृष्ट्या मुंबईभोवती फिरते. रणजी करंडकाच्या रिकाम्या मैदानांवर खेळल्या गेलेल्या क्रिकेटची नोंद आकड्यांच्या तक्त्यात होते, इतिहासात मात्र क्वचितच होते. खेळ हे समाजजीवनाचे अंग आहे आणि प्रदेशाच्या आत्मविश्वासाशी त्याचा निकटचा संबंध असतो, हे मान्य केल्यास ही उणीव गंभीर ठरते. विदर्भासारख्या, 'अनुशेष' हा शब्द ज्याच्या सार्वजनिक जीवनात रूढ झाला आहे अशा प्रदेशाच्या बाबतीत ती अधिकच जाणवते.

वसीम जाफर यांची निवड या अभ्यासासाठी दोन कारणांनी केली आहे. एक म्हणजे, आंतरराष्ट्रीय संघात प्रवेश, वगळले जाणे आणि पुनरागमन हे चक्र त्यांच्या वाट्याला वारंवार आले, त्यामुळे चिकाटी या गुणाचा अभ्यास करण्यास त्यांची कारकीर्द उपयुक्त आहे. दुसरे म्हणजे, ही कारकीर्द मुंबईत सुरू होऊन विदर्भात पूर्ण झाली, त्यामुळे महाराष्ट्रातील क्रिकेटची दोन भिन्न जगे तिच्यात एकत्र येतात.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जाफर यांच्या कसोटी व देशांतर्गत कारकिर्दीचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) विदर्भ क्रिकेटच्या जडणघडणीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
३) विदर्भाच्या यशातील जाफर यांच्या वाट्याचे, त्याच्या मर्यादांसह, मूल्यमापन करणे.

प्रस्तुत लेखनासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

सलामीची जागा आणि मुंबईची परंपरा

सलामीच्या फलंदाजाचे काम इतर फलंदाजांहून वेगळे असते. चेंडू नवा व टणक असतो, त्याची शिवण उठावदार असते, गोलंदाज ताजातवाना असतो आणि खेळपट्टीचा स्वभाव अद्याप कोणालाच कळलेला नसतो. अशा वेळी कोणता चेंडू खेळावा यापेक्षा कोणता सोडावा, हे कळणे महत्त्वाचे ठरते. सलामीवीराने तासभर काढलेला वेळ धावफलकावर दिसत नाही, परंतु त्याचा लाभ पाचव्या-सहाव्या क्रमांकाच्या फलंदाजाला मिळतो. म्हणजेच सलामीवीराच्या श्रमाचे फळ पुष्कळदा दुसऱ्याच्या नावावर जमा होते.

या जागेची मुंबईतील परंपरा मोठी आहे. विजय मर्चंट यांनी १९३६ मध्ये मुश्ताक अली यांच्या साथीने मँचेस्टर येथे २०३ धावांची सलामी दिली. सुनील गावसकर यांनी १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात चार कसोटींत ७७४ धावा केल्या आणि मार्च १९८७ मध्ये अहमदाबाद येथे कसोटीत दहा हजार धावा करणारा पहिला फलंदाज होण्याचा मान मिळविला. याच परंपरेत माधव आपटे यांचेही नाव घ्यावे लागते. त्यांनी १९५२-५३ मध्ये सात कसोटींत ५४२ धावा केल्या, पोर्ट ऑफ स्पेन येथे नाबाद १६३ धावांची खेळी केली आणि त्यानंतर त्यांना पुन्हा कधीही कसोटी संघात स्थान मिळाले नाही. गुणवत्ता असूनही दार बंद होऊ शकते, हा अनुभवही मुंबईच्या सलामीवीरांच्या परंपरेचाच भाग आहे.

१९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाणारी कांगा लीग, शालेय स्पर्धांतील दीर्घ डाव आणि विकेट फेकून न देण्याचा 'खडूस' बाणा या संस्कारांत मुंबईचा फलंदाज घडतो. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी जन्मलेले वसीम जाफर याच वातावरणात वाढले. त्यांचे वडील 'बेस्ट'च्या बसचे चालक होते. अंजुमन-ए-इस्लाम शाळेकडून खेळताना पंधराव्या वर्षी त्यांनी नाबाद ४०० धावांची खेळी केली. १९९६-९७ च्या हंगामात मुंबईकडून आपल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात त्यांनी राजकोट येथे सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४ धावा केल्या. सुलक्षण कुलकर्णी यांच्यासह त्यांनी केलेली ४५९ धावांची सलामी त्याच सामन्यातील. तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते.

कसोटी कारकीर्द : प्रवेश, बहिष्करण, पुनरागमन

जाफर यांनी फेब्रुवारी २००० मध्ये वानखेडे मैदानावर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी पदार्पण केले. समोर अॅलन डोनाल्ड व शॉन पोलॉक यांचा मारा होता. दोन्ही डावांत ते एकेरी धावसंख्येवर बाद झाले आणि संघाबाहेर गेले. दोन वर्षांनी, २००२ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात त्यांना पुन्हा संधी मिळाली. अँटिग्वा येथे त्यांनी ८६ धावा केल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लॉर्ड्सवर अर्धशतक केले, परंतु मालिका संपण्यापूर्वीच त्यांचे स्थान गेले. यानंतर साडेतीन वर्षे कसोटी संघाचे दार बंद राहिले. या काळात वीरेंद्र सेहवाग यांनी सलामीची कल्पनाच पालटून टाकली, तर दुसऱ्या टोकाला आकाश चोप्रा, गौतम गंभीर आदींना आजमावले गेले.

मार्च २००६ मध्ये जाफर यांचे पुनरागमन झाले ते नागपूर येथे. इंग्लंडविरुद्धच्या या कसोटीत सिव्हिल लाइन्स भागातील जुन्या मैदानावर त्यांनी पहिल्या डावात ८१ आणि दुसऱ्या डावात १०० धावा केल्या. त्यांचे पहिले कसोटी शतक विदर्भाच्या भूमीवर नोंदले गेले. पुढे याच प्रदेशाशी त्यांचे नाव कायमचे जोडले जाईल, याची त्या वेळी कोणालाही कल्पना असणे शक्य नव्हते.

त्यानंतरची दोन वर्षे हा त्यांच्या कसोटी कारकिर्दीचा भरीव कालखंड होय. जून २००६ मध्ये अँटिग्वा येथे भारत पहिल्या डावात १३० धावांनी पिछाडीवर असताना त्यांनी आठ तासांहून अधिक काळ खेळून २१२ धावा केल्या. तो सामना वेस्ट इंडिजच्या अखेरच्या जोडीने वाचविला. तथापि भारताने ती मालिका जिंकली आणि १९७१ नंतर प्रथमच कॅरिबियन भूमीवर मालिका विजय मिळाला. जानेवारी २००७ मध्ये केपटाऊन येथे त्यांनी ११६ धावा केल्या. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे दिनेश कार्तिक यांच्यासह त्यांनी दिलेली १४७ धावांची सलामी भारताच्या विजयाचा पाया ठरली. इंग्लंडमधील तो मालिका विजय १९८६ नंतरचा पहिला होता. नोव्हेंबर २००७ मध्ये कोलकाता येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी २०२ धावा केल्या.

या कालखंडातील एक प्रसंग चिकाटीच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. मे २००७ मध्ये चितगाव येथे बांगलादेशविरुद्ध सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर मश्रफी मुर्तझा यांनी त्यांचा त्रिफळा उडविला. दुसऱ्या डावातही त्यांना भोपळा फोडता आला नाही. सलामीवीरासाठी याहून मानहानीकारक सामना कल्पिणे कठीण. लगेच पुढच्या मीरपूर कसोटीत प्रखर उन्हात त्यांनी १३८ धावा केल्या आणि त्या डावात ते बाद न होता जायबंदी होऊन परतले. भारताच्या पहिल्या चारही फलंदाजांनी शतके केल्याचा दुर्मीळ योग त्याच डावात घडला.

परंतु २००७-०८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ते अपयशी ठरले. मार्च २००८ मध्ये चेन्नई येथे सेहवाग यांच्या त्रिशतकी खेळीच्या वेळी दुसऱ्या टोकाला ७३ धावा करीत त्यांनी २१३ धावांच्या सलामीत वाटा उचलला. पुढच्या महिन्यातील कानपूर कसोटी ही त्यांची अखेरची ठरली. ३१ कसोटी, १,९४४ धावा, पाच शतके व ३४.१० ची सरासरी एवढ्या नोंदीवर त्यांचे आंतरराष्ट्रीय प्रकरण बंद झाले. एकदिवसीय सामने तर अवघे दोनच त्यांच्या वाट्याला आले. पाच शतकांपैकी दोन द्विशतके असूनही सरासरी चाळिशीपर्यंत पोहोचली नाही, यावरून त्यांच्या कसोटी खेळातील चढउतार स्पष्ट होतात. त्यांच्यावर केवळ अन्यायच झाला असे म्हणणे म्हणूनच वस्तुनिष्ठ ठरणार नाही.

बहिष्करणानंतरची बारा वर्षे

रूढ चरित्रलेखनात येथे 'कारकीर्द संपली' असे लिहिले जाते. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. कसोटी संघातून वगळल्यानंतरच्या २००८-०९ या पहिल्याच रणजी हंगामात जाफर यांनी १,२६० धावा केल्या. उपांत्य सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध ३०१ धावांची खेळी केली आणि कर्णधार या नात्याने मुंबईला विजेतेपद मिळवून दिले. पुढच्या वर्षीही त्यांच्याच नेतृत्वाखाली मुंबई विजेती ठरली. निवड समितीचे दार मात्र पुन्हा उघडले नाही.

येथे काही आकडे बोलके आहेत. जाफर यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये २६० सामन्यांत ५७ शतकांसह १९,४१० धावा केल्या. त्यांपैकी कसोटीतील धावा १,९४४, म्हणजे सुमारे दहा टक्के आहेत. याचा अर्थ असा, की दर दहा धावांपैकी नऊ धावा त्यांनी जिथे प्रेक्षक तुरळक असतात आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे क्वचित पोहोचतात अशा मैदानांवर केल्या. केवळ कसोटीच्या आधारे त्यांचे मूल्यमापन करणे म्हणजे ग्रंथाचे एक प्रकरण वाचून अभिप्राय देण्यासारखे आहे.

वगळलेला खेळाडू पुढे का खेळतो, हा प्रश्न मानसशास्त्रापुरता मर्यादित नाही. पुनर्निवडीची आशा हे उत्तर काही वर्षांपुरते पुरेसे आहे. पस्तिशीनंतर ती आशा मावळते. त्यापुढे उरते ते कसब आणि त्या कसबाशी असलेली निष्ठा. चिकाटी या गुणाचे खरे स्वरूप प्रसिद्धीची शक्यता संपल्यानंतरच दिसते. जाफर यांच्या कारकिर्दीतील हा टप्पा त्यांना विदर्भात घेऊन आला.

विदर्भ : क्रिकेटच्या नकाशावरील स्वतंत्र प्रदेश

विदर्भाचा क्रिकेट इतिहास त्याच्या राजकीय इतिहासाशी जोडलेला आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ मध्ये नागपूर येथे झाला. त्यांचे शिक्षण हिस्लॉप महाविद्यालयात झाले. परंतु १९२३ मध्ये होळकर संस्थानच्या आश्रयाने ते इंदूरला गेले आणि त्यांच्या कीर्तीचा लाभ होळकर संघाला झाला. प्रदेशात गुणवत्ता निपजते पण ती टिकवून ठेवणारा आश्रय मिळत नाही, या विदर्भाच्या परिचित दुखण्याचे हे क्रिकेटमधील आरंभीचे उदाहरण म्हणता येईल.

रणजी करंडकाच्या प्रारंभी मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाचा संघ होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेनुसार विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ च्या हंगामात विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी स्पर्धेत उतरला. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तरी क्रिकेटमध्ये मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन स्वतंत्र संघ कायम राहिले. राजकीय नकाशावर ज्या स्वतंत्र अस्तित्वाची मागणी वारंवार होत आली, ते अस्तित्व क्रिकेटच्या नकाशावर विदर्भाला आधीच लाभले होते.

अस्तित्व लाभले तरी यश लाभले नाही. साठ वर्षे विदर्भाला रणजीची अंतिम फेरी गाठता आली नाही. नागपूर येथे १९६९ पासून कसोटी सामने होत होते. २००८ मध्ये वर्धा मार्गावरील जामठा येथे नवे भव्य मैदान उभे राहिले. म्हणजे विदर्भात कसोटी पाहता येत होती, पण कसोटीत विदर्भाचा खेळाडू दिसत नव्हता. खापरखेड्याचे उमेश यादव यांनी नोव्हेंबर २०११ मध्ये ही उणीव भरून काढली. सलामीवीर फैज फजल यांची कहाणी जाफर यांच्याशी नाते सांगणारी आहे. जून २०१६ मध्ये हरारे येथे भारताकडून मिळालेल्या एकमेव एकदिवसीय सामन्यात त्यांनी नाबाद ५५ धावा केल्या, पुन्हा त्यांना संधी मिळाली नाही, आणि तरीही २०२४ पर्यंत ते विदर्भासाठी खेळत राहिले.

जाफर आणि विदर्भ

२०१५-१६ च्या हंगामात जाफर व्यावसायिक खेळाडू म्हणून विदर्भाकडे आले. त्यांचे वय तेव्हा ३७ होते. दुखापतीमुळे २०१६-१७ चा हंगाम त्यांना मुकावा लागला. पुढील हंगामात, २०१७-१८ मध्ये, ते मानधन न घेता खेळले, ही बाब त्यांच्या वृत्तीवर प्रकाश टाकणारी आहे. त्या वर्षी चंद्रकांत पंडित प्रशिक्षक आणि फजल कर्णधार होते. उपांत्य सामन्यात कोलकाता येथे कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी विजय मिळवून विदर्भाने प्रथमच अंतिम फेरी गाठली. इंदूरच्या होळकर मैदानावरील अंतिम सामन्यात रजनीश गुरबानी यांनी दिल्लीविरुद्ध त्रिक्रम साधला, अक्षय वाडकर यांनी शतक केले, जाफर यांनी पहिल्या डावात ७८ धावा केल्या आणि १ जानेवारी २०१८ रोजी विजयी फटकाही त्यांच्याच बॅटीतून निघाला. नायडूंनी ज्या इंदूरसाठी नागपूर सोडले, त्याच इंदुरात विदर्भाने पहिला रणजी करंडक उंचावला, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला नोंद घ्यावयास लावणारी आहे.

मार्च २०१८ मध्ये इराणी करंडकाच्या सामन्यात शेष भारताविरुद्ध जाफर यांनी नागपूर येथे २८६ धावा केल्या. त्यांनी वयाची चाळीस वर्षे नुकतीच पूर्ण केली होती. विदर्भाने ७ बाद ८०० धावांवर डाव घोषित केला. २०१८-१९ च्या रणजी हंगामात त्यांनी १,०३७ धावा केल्या आणि दोन वेगवेगळ्या हंगामांत हजारांहून अधिक धावा करणारे ते पहिले फलंदाज ठरले. याच हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध १७८ आणि उपांत्यपूर्व सामन्यात उत्तराखंडविरुद्ध २०६ धावा केल्या. ज्या मुंबईला त्यांनी आठ विजेतेपदांत साथ दिली, त्या मुंबईचा विदर्भाने एक डाव राखून पराभव केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठा येथे सौराष्ट्राला नमवून विदर्भाने करंडक राखला. अंतिम सामन्यात आदित्य सरवटे यांनी अकरा बळी घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये जाफर यांनी रणजी स्पर्धेतील बारा हजार धावांचा टप्पा सर्वप्रथम ओलांडला आणि ७ मार्च २०२० रोजी निवृत्ती जाहीर केली.

एक आक्षेप व त्याचा विचार

बाहेरच्या व्यावसायिक खेळाडूंना आणून मिळविलेले यश प्रदेशाचे कसे मानावे, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षणीय नाही. बाहेरून आलेल्या प्रत्येक खेळाडूमागे एका स्थानिक तरुणाची जागा जाते, हे खरेच आहे. परंतु पहिल्या विजेतेपदाचा तपशील पाहिला तर गुरबानी, सरवटे, वाडकर, वखरे, फजल ही सारी मंडळी विदर्भाचीच होती. त्या अंतिम सामन्यातच आदित्य ठाकरे यांनी पदार्पण केले. त्या हंगामात फजल यांनी ९१२ धावा केल्या. म्हणजे जाफर यांनी स्थानिकांची जागा अडविली नाही, तर त्यांच्या शेजारी उभे राहून त्यांना दीर्घ डावाची सवय लावली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

याउलट, विदर्भाचे यश एकट्या जाफर यांचे होते असे म्हणणेही अनैतिहासिक ठरेल. प्रशिक्षकाची शिस्त, गोलंदाजांची कामगिरी, संघटनेने उभारलेल्या सुविधा या सर्वांचा त्यात वाटा आहे. जाफर यांच्या योगदानाची खरी कसोटी त्यांच्या निवृत्तीनंतरच लागणार होती. २०२३-२४ मध्ये विदर्भाने पुन्हा अंतिम फेरी गाठली, वानखेडेवर मुंबईकडून तो पराभूत झाला. २०२४-२५ मध्ये वाडकर यांच्या नेतृत्वाखाली केरळविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर विदर्भ तिसऱ्यांदा विजेता ठरला. त्या अंतिम सामन्यात बाहेरून आलेल्या करुण नायर यांच्यासह दीडशतक केले ते नागपूरच्या दानिश मालेवार या तरुणाने, आणि हर्ष दुबे यांनी त्या हंगामात ६९ बळींचा विक्रम केला. जाफर नसतानाही परंपरा टिकली, हाच ती रुजल्याचा पुरावा होय.

निष्कर्ष

१) जाफर यांच्या धावांपैकी सुमारे नऊ दशांश धावा कसोटीबाहेरच्या आहेत. म्हणून खेळाडूच्या इतिहासात देशांतर्गत कारकिर्दीला परिशिष्टाचे नव्हे, तर मुख्य प्रकरणाचे स्थान द्यावयास हवे.

२) चिकाटी हा केवळ वैयक्तिक गुण नाही. मुंबईच्या क्रिकेट संस्कारांतून ती जाफर यांच्यात आली आणि त्यांच्याद्वारे विदर्भाच्या नव्या पिढीपर्यंत पोहोचली. गुण हस्तांतरित होतात तेव्हाच त्यांची परंपरा बनते.

३) विदर्भाचे यश हे बाहेरील अनुभव व स्थानिक गुणवत्ता यांच्या मेळातून साकारले. प्रादेशिक विकासाच्या इतर क्षेत्रांनाही हे सूत्र विचारार्ह आहे. मागासलेपणाची जाणीव आवश्यक असली, तरी ती पुरेशी नसते.

४) हा लाभ अद्याप प्रामुख्याने नागपूरभोवती केंद्रित आहे. वर्ध्यात जन्मलेले दर्शन नळकांडे यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाविरुद्ध सलग चार चेंडूंवर चार बळी घेतले. जिल्ह्यांतही गुणवत्ता आहे हे यावरून दिसते. ती टिकवून ठेवणारी मैदाने व मार्गदर्शक तालुक्यांपर्यंत पोहोचले नाहीत, तर नायडूंच्या काळातील स्थलांतराचीच पुनरावृत्ती लहान प्रमाणावर, गावाकडून नागपूरकडे, होत राहील.

यासंदर्भात महाविद्यालयांना एक काम तातडीने करता येईल. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या जुन्या धावपुस्तिका शारीरिक शिक्षण विभागांच्या कपाटांत पडून असतात आणि कालांतराने रद्दीत जातात. त्या जपून इतिहास विभागाच्या हवाली केल्यास ग्रामीण विदर्भाच्या क्रीडा इतिहासाची अस्सल साधने पुढील अभ्यासकांच्या हाती राहतील.